मैत्रिणींबरोबर हरिभाऊंची कादंबरी वाचतोय, पण बैठक मोडायला आलीय. काय करावं?

इंदूरकरीण

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सहा जणी, कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, सगळ्या इंदूरच्याच. २००१ ला इथे साहित्य संमेलन भरलं होतं, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या, तेव्हा आम्ही सेकंड इयरला होतो आणि पुस्तकांच्या स्टॉलवर उभ्या उभ्या वाचायचो, विकत घ्यायला पैसे कुठे होते. तेव्हाच ठरलं होतं की ज्या जुन्या पुस्तकांची नुसती नावं ऐकलीयत ती कधीतरी सगळ्यांनी मिळून वाचायची. मग लग्नं, नोकऱ्या, मुलांची दहावी-बारावी, सासूबाईंची दुखणी, यात वीस-बावीस वर्षं गेली. गेल्या दिवाळीनंतर एकदाचं सुरू केलं. दर दुसऱ्या रविवारी चार वाजता, पाळीपाळीने एकेकीच्या घरी, कुणी राजेंद्रनगरला, कुणी सुदामानगरला, एकीचं घर रामबागेत.

पहिलं पुस्तक घेतलं हरिभाऊ आपट्यांचं ‘पण लक्षात कोण घेतो?’ कारण नाव सहाही जणींना पाठ आणि वाचलं एकीनेही नव्हतं. ठरवलं असं की चार-चार प्रकरणं घरी वाचून यायचं आणि मग बसून बोलायचं. पहिली बैठक छान झाली. दुसऱ्या वेळेला दोघींनीच वाचलेलं होतं. तिसऱ्या वेळेला एकीने यूट्यूबवर सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि आल्या आल्या शेवटच सांगून टाकला, त्यावरून जरा बोलाचाली झाली, पण ते मिटलं.

खरी गोष्ट पुढे आहे आणि ती लिहिताना मला अजून वाईट वाटतंय. आमच्यातली एक मालवा मिलच्या भागात वाढलेली, शिक्षण सगळं हिंदी शाळेत. घरी मात्र अस्सल मराठी, तिच्या आईच्या तोंडच्या म्हणी आणि ओव्या तिला जेवढ्या येतात तेवढ्या आमच्यात कुणालाच येत नाहीत. पण अख्खं मराठी पुस्तक ती पहिल्यांदाच वाचत होती आणि त्यात तिच्या वाट्याला आली रामबागेतल्या मैत्रिणीच्या आजेसासऱ्यांच्या कपाटातली जुनी प्रत, जिच्यात जिकडे तिकडे अनुस्वार. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘त्यानें’. एक उतारा वाचून दाखव म्हटलं तर तिने ते सगळे अनुस्वार हिंदीसारखे नाकातून म्हटले. तिथे कुणीतरी हसलं. मग चर्चेत ती म्हणाली की या एवढ्याशा मुलीच्या डोक्यात सगळे संसार संसार का भरवतायत, जगाची काळजी हिने का करायची? तेव्हा आम्ही सगळ्याच हसलो. संसार म्हणजे दुनिया नाही गं, घरसंसार, असं मीच सांगितलं आणि हसण्यात पण मीच पुढे होते.

ती पण हसली त्या वेळेला. पण नंतरच्या दोन बैठकांना आली नाही. गुडघा दुखतोय म्हणाली. बाजारात मात्र दिसते.

आता उरलो पाच आणि पाचातल्या दोघी म्हणतायत पुस्तकच चुकलं, काहीतरी सोपं घेऊ. मला तीन गोष्टी विचारायच्यात. एकत्र वाचायचं म्हणजे नेमकं कसं वाचायचं, कुणी करतं का हे? हे पुस्तक सोडावं का? आणि तिला परत कसं आणू?

दांडियाबाजार

ताई, आधी एक सांगते, पुस्तक सोडू नका.

आमचं बडोद्याला अकरा वर्षं चाललंय. आम्ही आठ जण, पाच बायका तीन पुरुष, सगळे दांडिया बाजार आणि आसपासचे. सुरुवातीला आमची पण हीच पद्धत होती, घरी वाचून या आणि इथे बोला. त्याने काय होतं की ज्याने वाचलं तो मास्तर होतो आणि ज्याने नाही वाचलं तो चोर, मग चोर यायचा बंद होतो. सहा महिन्यांत आम्ही तिघंच उरलो होतो. मग आमच्यातल्या एका काकांनी (रिटायर्ड शिक्षक, पण स्वभावाने मास्तर अजिबात नाहीत) सांगितलं की घरचा अभ्यास बंद, पुस्तक बैठकीतच उघडायचं आणि बैठकीतच मिटायचं. मोठ्याने वाचायचं. एकाने एक पान, मग शेजारच्याने. वाचणारा अडखळला तर गप्प बसायचं, त्याने मान वर करून बघितलं तरच शब्द सांगायचा. बास, एवढा एकच नियम, तोच अजून चाललाय.

कमी वाचून होतं, हे खरंय. याच कादंबरीला आम्हाला सव्वा वर्ष लागलं. पण तुम्ही जे पुस्तक घेतलंय ते मुळात एका दमात वाचायला लिहिलेलंच नाही, हरिभाऊंनी १८९० ला ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात हे हप्त्याहप्त्याने छापलं, पुस्तक निघालं १८९३ ला. म्हणजे पहिल्या वाचकांनी पण ते थोडं थोडं, आठवडाभर वाट बघत वाचलंय. चार प्रकरणं एकदम म्हणजे फार होतात हो. एकच घ्या, पुरून उरेल.

आमच्यात एक वहिनी आहेत, माहेर सुरतेकडचं, शिक्षण पूर्ण गुजराती मीडियम. त्या पहिलं वर्षभर वाचायच्याच नाहीत, नुसत्या ऐकायच्या आणि वहीत लिहायच्या. एक दिवस मी वही बघितली तर सगळी मराठी वाक्यं गुजराती अक्षरात, वर रेघ नाही, शब्द ओळीने मोकळे उभे. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. कानाने टिपलेलं इतकं बिनचूक होतं की मग काकांनी त्यांनाच म्हटलं, पुढचं पान तुम्ही. आज त्या आमच्यात सगळ्यात चांगल्या वाचतात, आवाज जरा खर्जातला आहे, ऐकत राहावंसं वाटतं.

बडोद्यात वाचनाचं कौतुक आम्हाला वारशानेच मिळालंय म्हणा ना. सयाजीराव महाराजांनी १९१० ला बॉर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेहून आणला, सेंट्रल लायब्ररी उभी केली आणि जिथे लायब्ररी नाही तिथे पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवली. माझे आजोबा सांगायचे की गावात पेटी आली की ज्याला वाचता येतं तो पारावर बसून वाचायचा आणि बाकी गाव ऐकायचं. कुणाला वाचता येत नाही म्हणून कुणी हसत नसे, कारण बहुतेकांना येतच नव्हतं. तुमची ती मैत्रीण त्या पारावर असती तर पहिल्या रांगेत असती.

लष्करवाला

मी ग्वाल्हेरचा, वय ६६. वरच्या ताईंचं मोठ्याने वाचायचं म्हणणं शंभर टक्के पटतं पण पुस्तकाबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते मी सांगणार.

कादंबरी ग्रुपमध्ये चालत नाही. आम्ही चौघं मित्र, दोन वेळा प्रयत्न करून झाला. कुणाची तब्येत, कुणाच्या नातवाचं लग्न, एक बैठक चुकली की धागा सुटतो आणि परत आलं की मागचं विचारायची लाज वाटते. कवितेचं तसं नाही. एक संध्याकाळ एक कविता. ज्या दिवशी आलात त्या दिवशी पूर्ण पदरात पडते. आम्ही तांब्यांपासून सुरुवात केली, भा. रा. तांबे म्हणजे आमच्या ग्वाल्हेरचे राजकवी, १९४१ ला इथेच गेले. मुंगावली, देवास, इंदूर, ग्वाल्हेर, आयुष्य या पट्ट्यात काढलं त्यांनी, तुमच्या आमच्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी. आणि गायक कुमार गंधर्वांनी देवासला बसून त्यांच्या गाण्यांचा अख्खा कार्यक्रम केला, ‘तांबे गीतरजनी’.

पद्धत सांगतो. एकजण वाचतो, मग पाच मिनिटं कुणी बोलत नाही, मग दुसरा वाचतो, मग बोलणं, आणि जायच्या आधी परत एकदा तिसरा. ‘मधुघट’ची कविता आम्ही अशी वाचली. सखा मध मागतोय आणि म्हातारा कवी म्हणतोय माझे घडे रिकामे झाले. पहिल्या वाचनाला आम्ही त्याच्या चालीबद्दल बोलत बसलो. तिसरं वाचन आमच्यातल्या एकाने केलं, जो चाळीस वर्षं शाळेत गाणं शिकवत होता आणि गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशननंतर त्याला वरचा सूर लागत नाही. तो वाचायला लागला, गायला नाही, नुसतं वाचलं. आम्ही तिघं खाली बघत बसलो होतो. त्यानंतर चर्चा काय करणार? चहा घेतला आणि महाराज बाड्यापर्यंत चालत गेलो सगळे.

म्हणून म्हणतो, कविता घ्या. मैत्रीण त्याने परत येईल.

दांडियाबाजार

काका, तुमच्या मित्राचं वाचून गलबलून आलं. कविता नको असं मी म्हणणारच नाही, पण कादंबरी चालत नाही हे मात्र मला मान्य नाही. धागा सुटतो म्हणता, तर आम्ही दर वेळेला सुरुवातीची पाच मिनिटं मागे काय झालं ते सांगायला ठेवतो, आणि सांगायचं त्याने ज्याने मागची बैठक चुकवली होती! म्हणजे त्याला जेवढं कळलंय, कुणाला फोन करून विचारलंय, तेवढं तो सांगतो आणि बाकीचे भरत जातात. यात लाज बाजूला राहते आणि आलेल्यांनाही परत आठवतं. आणि माणसाचं पूर्ण आयुष्य तुमच्यासमोर सव्वा वर्ष चालू राहणं ही गोष्टच वेगळी आहे, कादंबरीतली यमू आमच्या घरातलीच मुलगी झाली होती. तुमच्या ग्वाल्हेरलाच १९६१ ला कुसुमावती देशपांडे संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या होत्या ना, पहिल्या बाई अध्यक्ष, त्यांनी मराठी कादंबरीवर केवढं लिहून ठेवलंय. त्या संमेलनाच्या गावच्या माणसाने कादंबरीवर एवढी फुली मारू नये 🙏

लष्करवाला

फुली काढली. पाच मिनिटांची युक्ती आम्हाला सुचली नव्हती, करून बघतो.

हिंदीमीडियम

मी इंदूरचाच आहे, वय ३१, आणि ताई मी तुमच्या त्या मैत्रिणीच्या जागेवरून लिहून राहिलोय म्हणून जरा नीट वाचा.

आपल्याकडे हिंदी मीडियमच्या मुलाला मराठी वाचता येतं असं सगळे धरून चालतात, लिपी एकच आहे ना मग काय प्रॉब्लेम. प्रॉब्लेम हाच आहे की लिपी एकच आहे. तमिळ असतं तर माहीत असतं की आपल्याला येत नाही. इथे डोळा सरळ सरळ वाचत जातो आणि डोळ्याला शाळेत बारा वर्षं हिंदीची सवय लागलीय. शिक्षा दिसलं की डोळा म्हणतो शाळा, पढाई. समाधान म्हणजे प्रश्नाचं उत्तर. चेष्टा म्हणजे कोशिश. यातायात म्हणजे रस्त्यावरची गर्दी. प्रकृती म्हणजे झाडं-डोंगर. आणि हे सगळे शब्द मला मराठीत येत नाहीत असं बिलकुल नाही हो, माझी आजी रोज म्हणायची की एवढी यातायात कशाला करतोस, आणि मला एक क्षण पण वाटलं नाही की ती ट्रॅफिकबद्दल बोलून राहिलीय. कानाला शब्द पक्का माहीत आहे. छापलेला दिसला की कान बंद होतो आणि डोळा शाळेत जाऊन बसतो.

तुमच्या मैत्रिणीने आयुष्यात हजार वेळा म्हटलं असेल की अमकीने संसार छान मांडला. तिला संसार शब्द कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, आणि तुम्ही सगळ्यांसमोर समजावून सांगितला. हे लागतं. मला एकदा एका वाचन कार्यक्रमात असंच झालं होतं, शब्द कुठला ते आज पण मी कुणाला सांगत नाही, त्यानंतर सहा वर्षं मी मराठी पुस्तकाला हात लावला नाही. घरचीच भाषा आहे आणि आपल्याला परक्यासारखं कुणी शिकवावं, ते फार खाली लागतं.

माझं सांगतो काय झालं. कोविडमध्ये आजीला दिसायचं बंद झालं मोतीबिंदूमुळे, ऑपरेशन पुढे ढकललं होतं, तेव्हा ती म्हणाली मला स्मृतिचित्रे वाचून दाखव. लक्ष्मीबाई टिळकांचं. मी म्हटलं मला जमणार नाही. ती म्हणाली तू वाच, चुकलं तर मी आहे. रोज संध्याकाळी दिवा लागला की अर्धा तास. आठ-दहा दिवसांत काय झालं माहितीये? मी मोठ्याने वाचत होतो त्यामुळे माझंच वाचणं माझ्या कानावर पडत होतं, आणि कान म्हणायचा की अरे हे तर आपल्या घरचंच बोलणं आहे. लक्ष्मीबाई काही शाळेत वगैरे गेलेल्या नाहीत, त्या बोलतात तशाच लिहितात. मनात वाचताना जो शब्द हिंदी वाटायचा तो तोंडातून बाहेर पडला की मराठी होऊन परत यायचा. याच्यापेक्षा चांगलं मला सांगता येत नाही.

म्हणून माझं मत असं की तिला चर्चेला बोलावू नका. तिला वाचायला बोलवा. हरिभाऊंची कादंबरी सगळी त्या यमूच्या तोंडची आहे, एक मुलगी आपली गोष्ट स्वतः सांगून राहिलीय, आणि बायकांचं बोलणं तर जागोजाग आहे. ज्या बाईला आईच्या म्हणी आणि ओव्या पाठ आहेत तिच्याशिवाय ते तुम्हा बाकीच्यांना नीट वाचता तरी येईल का? रागावू नका, पण मला खरंच असं वाटतं.

इंदूरकरीण

रागावले नाही. तीन वेळा वाचलं. आम्ही पाचही जणी इंग्लिश मीडियमच्या नाहीतर मराठी शाळेच्या, ही बाजू कधी डोक्यातच आली नाही. ‘कान बंद होतो आणि डोळा शाळेत जाऊन बसतो’ हे ग्रुपवर पाठवू का?

हिंदीमीडियम

पाठवा ना. फक्त ती पण त्या ग्रुपवर असेल तर आधी तिच्याशी बोला, मग पाठवा.

कोशवाचक

उशिरा आलोय, दोनच मुद्दे, पण दोन्ही तुमच्या मैत्रिणीच्या बाजूचे आहेत.

पहिला अनुस्वारांचा. जुन्या प्रतीतले ते ठिपके उगाच दिलेले नाहीत. ‘घरांत’, ‘त्यानें’, ‘तें’ इथे कधीकाळी नाकातला उच्चार होता, तो प्रमाण बोलण्यातून गेला आणि लिहिण्यात राहिला. कोकणीत आजही ऐकू येतो. १९६२ ला साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम आले आणि असे न उच्चारले जाणारे अनुस्वार लिहिणं बंद झालं, त्यामुळे नंतर शाळेत गेलेल्या पिढ्यांना ते माहीतच नाहीत. तुमच्या मैत्रिणीने कागदावर जे होतं ते प्रामाणिकपणे वाचलं. जे हसले त्यांना ठिपके वगळून वाचायची सवय आहे, एवढाच काय तो फरक. नवीन प्रत द्या तिला, किंवा तीच ठेवा आणि सांगा की ठिपका दिसला तर सोडून दे.

दुसरा मुद्दा संसाराचा, आणि इथे मला जरा जोरात बोलायचंय. संसार म्हणजे जग हा अर्थ चूक कुणी ठरवला? गीतेचा बारावा अध्याय उघडा, सातवा श्लोक, ‘मृत्युसंसारसागरात्’. तिथे काय भांडीकुंडी आणि पोळपाट-लाटणं आहे का? जन्ममरणाचं सगळं जग आहे ते. ज्ञानोबांच्या ओवीतला संसार तोच, तुकोबांचा अर्धा तोच आणि अर्धा घरातला. आपल्या भाषेने हा एवढा मोठा शब्द उचलून घरात आणला आणि बाईच्या गळ्यात बांधला की हेच तुझं जग. तुमच्या मैत्रिणीने विचारलं ना, एवढ्याशा मुलीच्या डोक्यात हे का भरवतायत? मी म्हणतो या कादंबरीबद्दल याहून नेमका प्रश्न दुसरा नाही. तिने शब्दाचा जुना अर्थ लावला आणि थेट हरिभाऊंच्या मुद्द्यावर जाऊन पोचली, आणि बैठकीत त्याच वाक्याला हसू आलं.

कोश जवळ ठेवत असाल तर मोल्सवर्थ ठेवा, दुसरी आवृत्ती १८५७ ची, हरिभाऊ जन्मले १८६४ ला, म्हणजे त्यांच्या लहानपणी घरात जे शब्द होते ते बरेचसे त्यात सापडतात. इंटरनेटवर फुकट आहे. पण वाचता वाचता कोश उघडू नका, पेन्सिलने खूण करा आणि चहाच्या वेळेला बघा, नाहीतर दर ओळीला गाडी थांबेल.

आम्ही दोन मित्र गुरुवारी ज्ञानेश्वरी वाचतो, बारावाच अध्याय धरलाय, २४७ ओव्या, आठवड्याला पाच-सहा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं. वर्ष जाईल म्हणता म्हणता.

दांडियाबाजार

कोशवाचकांचं संसाराबद्दलचं वाचून मी आमच्या ग्रुपला पाठवलं, सगळे त्यावरच बोलतायत सकाळपासून.

ताई, एक सांगायचं राहिलं होतं. पुढे एक प्रकरण येईल, कुठलं ते सांगत नाही, तुमच्या यूट्यूबवाल्या मैत्रिणीने सांगितलं असलं तरी ऐकणं वेगळं आणि पानावर भेटणं वेगळं. आमच्याकडे ते पान कुणाच्या वाट्याला येणार हे आधी मोजलं नव्हतं आणि ते आलं नेमकं ८१ वर्षांच्या आजींच्या वाट्याला. त्यांनी चष्मा पुसला, वाचायला सुरुवात केली, पाच-सात ओळींनी थांबल्या. कुणी शब्द सांगितला नाही कारण त्या अडखळल्या नव्हत्याच. पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं आणि म्हणाल्या, माझ्या आजीला मी कधी डोक्यावर पदर नसताना पाहिलं नाही, झोपेतसुद्धा नाही, लाल आलवणाचा, म्हणजे केशवपन झालेल्या विधवांच्या लुगड्याचा पदर, आणि लहानपणी मला वाटायचं की सगळ्या आज्यांना तसंच असतं. एकदा न्हाणीघराचं दार नुसतं लोटलेलं होतं आणि मी आत गेले. एवढं बोलल्या आणि पुढे काही नाही. मग आपणच पुस्तक उचललं आणि ते पान संपवलं, आवाज न बदलता.

ते प्रकरण आलं की त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. फराळबिराळ पण साधा ठेवा.

इंदूरकरीण

तीन आठवडे झाले, सांगते काय झालं.

पहिल्यांदा मी तिच्या घरी गेले, मंगळवारी, हातात पुस्तक न घेता. गुडघ्याचं विचारलं, ती म्हणाली बरा आहे. मग मी म्हटलं की मी हसले ते चुकलं, आणि तू जे विचारलं होतंस ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षात पण आलं नव्हतं. तिने काही उत्तर दिलं नाही, पोहे टाकायला उठली. आतून म्हणाली, मला वाटलं होतं मला मराठी येतं. मला रडायला आलं खरं सांगायचं तर. मग तिथेच ओट्याजवळ उभी राहून मी तिला मोबाईलवर इथलं सगळं वाचून दाखवलं, हिंदीमीडियम भाऊंचं आणि कोशवाचकांचं संसाराचं. संसाराचं तिने परत वाचायला लावलं. पोहे जरा करपले खालून.

पुढची बैठक तिच्याच घरी ठेवली, तिनेच सांगितलं. घरी वाचून यायचं बंद, एकीने एक पान. तिची आई ७८ वर्षांची, ऐकू कमी येतं, ती खुर्ची ओढून अगदी मधोमध येऊन बसली आणि म्हणाली मोठ्यांदा वाचा गं. त्यामुळे कुणाला हळू वाचायची सोयच राहिली नाही. मैत्रिणीची पाळी तिसरी होती. यमू आणि दुर्गीचं बोलणं होतं त्या पानावर, आणि ती जे वाचायला लागली, आम्ही बघतच राहिलो. आम्ही वाचतो ते पुस्तक वाचल्यासारखं वाटतं, ती वाचते तेव्हा दोन मुली शेजारच्या अंगणात बोलताहेत असं वाटत होतं, कुठे आवाज खाली, कुठे एकदम तोडून. दोन ठिकाणी अडली, मान वर केली, सांगितलं. एका शब्दाला आम्ही सहाही जणी अडलो आणि तिच्या आईने सांगितला, खुर्चीतून, डोळे मिटलेले तसेच.

चारला बसलो होतो, दीडच प्रकरण झालं आणि साडेसात वाजले. यूट्यूबवाली म्हणाली की त्या व्हिडिओत यातलं काहीच नव्हतं. पुस्तक बदलूया म्हणणाऱ्या दोघींनी विषय काढला नाही. लष्करवाले काका, तुमची तीन वेळा वाचायची पद्धत आम्ही शेवटच्या अर्ध्या पानाला वापरली, कादंबरीला पण चालते.

नवीन प्रत मी तिच्यासाठी विकत आणली होती. तिने ती बघितली, आईच्या हातात दिली, अक्षर मोठं आहे म्हणाली, आणि स्वतःसाठी रामबागेतली जुनीच ठेवून घेतली. आता परवाच्या रविवारी परत तिच्याकडेच, आई म्हणतेय पुढचं काय झालं ते मला कळल्याशिवाय दुसरीकडे कुठे जायचं नाही.